बागेतल्या शेडची गेम रूम करताय? आधी ओल, मग इन्सुलेशन, हीटर सगळ्यात शेवटी

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे मागच्या बागेत एक लाकडी शेड नाहीतर विटांचं जुनं गॅरेज असतंच, आणि वीकेंडला चार मित्र जमायला लागले की कधीतरी डोक्यात येतं की इथे कॅरम मांडू, एक डार्टबोर्ड लावू, मुलांचा प्लेस्टेशन पण इकडेच हलवू म्हणजे हॉल मोकळा होईल. उन्हाळ्यात सगळं मस्त चालतं. ऑक्टोबर उजाडला की कॅरमचा बोर्ड हाताला ओलसर लागायला लागतो, कितीही पावडर टाका स्ट्रायकर अर्ध्यातच थांबतो, सोंगट्या चिकटून बसतात, खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ येतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग लोक काय करतात, तर दोन किलोवॉटचा हीटर आणून किचनमधून ओढलेल्या एक्स्टेन्शनवर लावतात आणि पुढच्या महिन्यात वीज बिल बघून शेडला कुलूप लावतात. माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे की हीटरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधीची कामं नीट झाली तर हीटर अगदी छोटा पुरतो, आणि ती कामं नसतील तर कितीही मोठा आणा, खोली गरम होत नाही आणि ओल जात नाही.

आकडेमोड करून बघूया, म्हणजे पटेल. खोली आतून चार मीटर बाय तीन मीटर, उंची दोन-सव्वादोन मीटर, एक छोटी खिडकी, एक दार. भिंतीला नुसत्या बारा मिलीमीटरच्या फळ्या, छतही तसंच, खिडकीला एकच काच. बाहेर २ अंश असताना आत २० अंश ठेवायचे असतील तर अशा शेडला सतत साडेतीन ते पावणेचार किलोवॉट लागतात. साध्या १३ अँपच्या प्लगवर जास्तीत जास्त तीन किलोवॉटच चालतात, म्हणजे तुम्ही प्लगवरचा सगळ्यात मोठा हीटर आणला तरी ती खोली २० ला पोचणारच नाही. आता त्याच खोलीला भिंतीत आणि जमिनीत ५० मिलीमीटर पीआयआर बोर्ड (फॉइल लावलेला कडक फोमचा इन्सुलेशन बोर्ड), छतात ७५, दुहेरी काच, आणि फटी नीट बुजवलेल्या, असं धरलं तर गरज येते साधारण साडेसहाशे वॉटवर. वीज २५ पेन्स युनिट धरा, पहिल्या शेडमध्ये तीन किलोवॉटचा हीटर सतत चालवून तासाला पंचाहत्तर पेन्स जातात आणि तरी थंडी वाजते, दुसरीत सोळा-सतरा पेन्समध्ये आरामात डाव रंगतो.

काम काढायच्या आधी शेड नीट बघून घ्या. पावसाच्या दिवशी आत टॉर्च घेऊन जा, छताचा फेल्ट कुठे फाटलाय, फळी कुठे मऊ पडलीय, खालच्या आडव्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर आत जातो का ते बघा. जात असेल तर ते लाकूड कुजलंय, ते आधी बदला, कारण इन्सुलेशनच्या मागे गेल्यावर तुम्हाला ते परत दिसणार नाही आणि सडणं थांबणारही नाही. शेड थेट मातीवर टेकली असेल तर उचलून खाली स्लॅब किंवा बेअरर (आधाराची जाड लाकडं) द्या, हवा खालून जायला हवी. गटर नसेल तर लावा, छोटंसं काम आहे पण भिंतीचा खालचा फूटभर भाग त्यानेच कोरडा राहतो.

मोजमाप पण आत्ताच. प्रत्येक बाजूने दहा सेंटीमीटर जाणार आहेत हे धरून चाला, म्हणजे तीन मीटरची खोली दोन मीटर ऐंशी होते. कॅरमला काही फरक पडत नाही, खेळायची जागा ७४ सेंटीमीटरची, चौकट धरून मीटरभर बोर्ड आणि चार खुर्च्या कुठेही मावतात. डार्टला बोर्डाच्या तोंडापासून २.३७ मीटरवर रेघ हवी, तेही जमतं. पण चार बाय तीनमध्ये पूल टेबलचा हट्ट धरू नका, टेबल बसतं, क्यू मागे घ्यायला जागा उरत नाही. टेबल टेनिसचं टेबलच २.७४ मीटर लांब असतं, मागे सरकायला जागा नसेल तर खेळ काय होणार.

परवानगीचं थोडक्यात, आणि हे इंग्लंडपुरतं आहे. बागेच्या हद्दीपासून दोन मीटरच्या आत शेड असेल तर एकूण उंची अडीच मीटरच्या वर नेता येत नाही, घराच्या पुढच्या बाजूला बांधता येत नाही, आणि घराभोवतीची अर्ध्याहून जास्त जागा बांधकामाने व्यापता येत नाही. १५ चौरस मीटरपेक्षा लहान आणि झोपायची सोय नसलेल्या खोलीला सहसा बिल्डिंग रेग्युलेशन लागत नाहीत, पण विजेचं काम यातून सुटत नाही. लिस्टेड घर, कॉन्झर्व्हेशन एरिया किंवा फ्लॅट असेल तर नियम वेगळे, आधी काउन्सिलशी बोला. आणि घराला जोडलेल्या गॅरेजची खोली करत असाल तर ते कन्व्हर्जन धरलं जातं, तिथे बिल्डिंग कंट्रोलला कळवावंच लागतं.

ओल येते कुठून

हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेक शेडा इथेच वाया जातात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात बाहेरची दमट हवा घरात शिरते आणि पापडापासून पुस्तकांपर्यंत सगळं सादळतं, म्हणून आपला हात आपोआप खिडकी बंद करायला जातो. इथल्या हिवाळ्यात मामला उलटा आहे. पाणी आत तयार होतं, आपल्याच श्वासातून. बसून खेळणारा माणूस तासाला साधारण ४०-५० ग्रॅम वाफ सोडतो, चौघं तीन तास बसले की अर्धा लिटर पाणी हवेत गेलं, त्यात मध्येच चहाची किटली लावली तर अजून. २० अंशाच्या हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशाच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर ती पाणी होऊन बसते, आणि इन्सुलेशन नसलेल्या शेडमध्ये काच, खिळे, फळ्या सगळंच १२ च्या खाली असतं. उलट बाहेरची २ अंशाची हवा, अगदी पाऊस पडत असताना सुद्धा, आत येऊन २० अंशाला तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पावसात खिडकी उघडली तर खोली कोरडी होते. आपल्या सवयीच्या विरुद्ध आहे, पण एकदा दहा-पंधरा पाउंडचा आर्द्रता मीटर टांगून बघा, डोळ्यांसमोर आकडा खाली येतो.

यातूनच भिंतीच्या थरांचा क्रम ठरतो. वाफ आतून बाहेर जायला बघते, म्हणून तिला खोलीच्या बाजूलाच अडवायचं, आणि जी थोडी निसटेल तिला बाहेरच्या बाजूने सुटायला वाट ठेवायची. बाहेरून आत असं सांगतो: बाहेरची फळी, मग २५ मिलीमीटर मोकळी हवेची जागा, मग ब्रीदर मेम्ब्रेन (वाफ सोडणारा पण पाणी अडवणारा पडदा), मग इन्सुलेशन, मग व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर), मग प्लास्टरबोर्ड. हा क्रम उलटा केला किंवा मधली जागा भरून टाकली तर दोन-तीन हिवाळ्यांत फळ्या आतून काळ्या पडतात.

बाजारातल्या स्वस्त शेडांची चौकट जेमतेम ४० मिलीमीटर खोल असते, त्यात हे सगळं मावत नाही. म्हणून उभ्या पट्ट्यांवर आतल्या बाजूने अजून बॅटन (लाकडी पट्ट्या) ठोकून चौकटीची खोली ७५ मिलीमीटरपर्यंत आणा. मग बाहेरच्या फळीला लागून, पट्टीच्या कडेने २५ मिलीमीटरची बारीक काठी मारा म्हणजे बोर्ड तिथे अडतो आणि मागची जागा मोकळी राहते. मेम्ब्रेन प्रत्येक खणात आत वळवून स्टेपल करा. ब्रीदर मेम्ब्रेनच्या जागी साधं प्लास्टिक चालवू नका, प्लास्टिक वाफ सोडत नाही.

इन्सुलेशन कुठलं? कमी जाडीत जास्त काम हवं तर पीआयआर, सेलोटेक्स आणि किंगस्पॅन ही त्यातली इथे सहज मिळणारी नावं. रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं मऊ इन्सुलेशन) स्वस्त आहे, आवाजही चांगला अडवतो, शेजारी जवळ असतील आणि तुमच्याकडे रात्री अकराला राणीवरून आरडाओरडा होत असेल तर हा मुद्दा छोटा नाही, पण तेवढीच ऊब अडवायला दीडपटीहून जास्त जाडी लागते. आणि ते दाबून कोंबायचं नाही. गोधडीसारखंच आहे, आतली हवा दाबून काढली की ऊब गेली. थर्मोकोलचे बोर्ड पण चालतात, फक्त विजेची वायर त्यांना टेकू देऊ नका, वायरवरचं पीव्हीसी त्याने खराब होतं. बजेट कमी असेल तर पीआयआरचे सेकंड्स शोधा, म्हणजे कारखान्यातून फॉइल चुरगळलेले, कडा तुटलेले बोर्ड. शेडच्या भिंतीत त्याने काही बिघडत नाही आणि पैसे बरेच वाचतात.

कापताना मास्क आणि गॉगल घाला, पीआयआरची धूळ घशात जाते आणि अंगाला खाजते. बारीक दातांची करवत किंवा इन्सुलेशनची लांब सुरी वापरा. खणापेक्षा पाच मिलीमीटर लहान कापा आणि कडेची फट लो एक्स्पान्शन (कमी फुगणाऱ्या) फोमने भरा, फोम वाळला की सुरीने सपाट करा. घट्ट बसवायच्या नादात बोर्ड ठोकून घातला की एक बाजू बसते आणि दुसरीकडे फट उरते, आणि इन्सुलेशनचा बराच फायदा त्या फटीतून जातो. हे झाल्यावर जमत असेल तर सगळ्या पट्ट्यांवरून अजून २५ मिलीमीटरचा अखंड थर द्या, कारण लाकूड स्वतः पीआयआरपेक्षा पाच-सहा पट जास्त उष्णता बाहेर नेतं आणि चौकटीत लाकूड बरंच असतं. मग सगळे सांधे ॲल्युमिनियम टेपने चिकटवा. पीआयआरवरचं फॉइल आणि टेप मिळून व्हेपर बॅरियरचं काम होतं, पण टेप खरोखर सगळीकडे हवी, कोपऱ्यात, छताच्या जोडावर, खिडकीभोवती. रॉकवूल असेल तर वेगळा पॉलिथिनचा पडदा लागतोच.

प्लास्टरबोर्ड टाळू नका. पीआयआर उघडं ठेवलेल्या शेडांचे फोटो मी बघतो तेव्हा पोटात गोळा येतो. आग लागली तर त्याचा धूर फार विषारी असतो. वर साडेबारा मिलीमीटरचा प्लास्टरबोर्ड आणि खोलीत एक स्मोक अलार्म, यात तडजोड नको. बोर्ड मारायच्या आधी डार्टबोर्डची जागा ठरवा, मधला लाल ठिपका जमिनीपासून १.७३ मीटरवर येतो, तिथे मागे जाड प्लायचा तुकडा पट्ट्यांना स्क्रू करून ठेवा. टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी पण तसंच.

विटांचं स्वतंत्र गॅरेज असेल तर इन्सुलेशन थेट विटेला चिकटवू नका, एकेरी विटेची भिंत पावसात ओली होते. थोडं अंतर ठेवून आतून लाकडी चौकट उभी करा, बाकी थर तेच. वर उघडणाऱ्या पत्र्याच्या दाराला कितीही फोम चिकटवा, काही होत नाही, त्याच्या आत एक पूर्ण भिंत उभी करणं हाच उपाय.

छत आणि जमीन

छतात दोन पद्धती. इन्सुलेशन आतून, वाशांच्या मध्ये घालायचं असेल तर त्याच्या वर ५० मिलीमीटर हवा खेळती हवी आणि ती दोन्ही टोकांना बाहेर निघायला हवी. सपाट छताला हे जमवणं कटकटीचं असतं. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, इन्सुलेशन छताच्या फळीच्या वर घालायचं, आधी फळी, तिच्यावर व्हेपर बॅरियर, मग पीआयआर, आणि वर रबराचं ईपीडीएम. मग हवेच्या जागेची भानगड राहत नाही आणि लाकूड सगळं उबदार बाजूला येतं. फक्त यात छत दहा-बारा सेंटीमीटर वर जातं, आणि तुमची शेड आधीच २.४५ मीटर असेल तर अडीचची मर्यादा ओलांडली. टेप लावून मोजा, मग माल मागवा.

जमीन लोक विसरतात आणि मग पाय गारठतात. लाकडी जमीन असेल तर फळ्या काढून जॉइस्टमध्ये (खालच्या आडव्या तुळयांच्या मध्ये) पीआयआर बसवा, खालून उंदरांसाठी बारीक जाळी मारा. फळ्या काढायच्या नसतील किंवा काँक्रीट असेल तर वरून करा: काँक्रीटवर आधी १२०० गेजचा डीपीएम (जमिनीतली ओल अडवणारा जाड प्लास्टिकचा पडदा), कडा भिंतीवर वर घेतलेल्या, मग ५० मिलीमीटर पीआयआर, मग २२ मिलीमीटर चिपबोर्ड, सांध्यांना गोंद लावून. भिंतीलगत दहा मिलीमीटर जागा सोडा म्हणजे फुगायला वाव राहतो. दाराची उंची कमी होईल, तेही आधी बघा.

आता फटी. हे सगळं झाल्यावर वारा असलेल्या दिवशी दार बंद करून एक उदबत्ती पेटवा आणि दाराच्या चौकटीवरून, खिडकीच्या कडेने, जमीन आणि भिंत मिळतात तिथून सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. दाराला रबरी पट्टी, खाली ब्रश, बाकी ठिकाणी सिलिकॉन. पण खोली डबाबंद करून सोडू नका. खिडकीला ट्रिकल व्हेंट (चौकटीतली हवेसाठीची बारीक झडप) ठेवा, किंवा आर्द्रता वाढली की आपोआप सुरू होणारा छोटा पंखा भिंतीत बसवा.

वीज

इथे मी फार कडक आहे. शेडची वीज नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच. घराच्या कन्झ्युमर युनिटमधून (फ्यूज बॉक्समधून) वेगळं सर्किट, आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली), शेडमध्ये आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेलं छोटं युनिट. नवीन सर्किट हे कळवायला लागणारं काम आहे, तो इलेक्ट्रिशियन सर्टिफिकेट देतो, ते जपून ठेवा, घर विकताना मागतात. गुंडाळी न सोडलेल्या एक्स्टेन्शनवर दोन किलोवॉटचा हीटर तासन्‌तास चालवला तर गुंडाळी वितळू शकते, आणि लाकडी शेडमध्ये मुलं खेळत असताना ही जोखीम कुणीही घेऊ नये. आतल्या वायरी बोर्ड मारायच्या आधी टाकून घ्या, आणि जमलं तर व्हेपर बॅरियर आणि प्लास्टरबोर्ड यांच्यामध्ये २५ मिलीमीटरच्या काठ्या मारून त्या जागेतून न्या. बॅरियरला भोकं पडत नाहीत, आणि वायर इन्सुलेशनमध्ये गाडली जात नाही. चारी बाजूंनी इन्सुलेशनने वेढलेली वायर तापते आणि तिची क्षमता कमी धरावी लागते, इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगून ठेवा.

आणि आता हीटर

आधी एक गैरसमज. ऑइल रेडिएटर, पॅनल, फॅन हीटर, इन्फ्रारेड, विजेवर चालणारे हे सगळे एका युनिटमागे एका युनिटचीच उष्णता देतात. जाहिरातीत कुठल्याही छोट्या डबीला चमत्कार म्हटलं असेल तरी यात बदल होत नाही. फरक आहे तो ऊब कशी पोचते यात. फॅन हीटर पटकन हवा गरम करतो पण आवाज करतो. ऑइल रेडिएटर सावकाश तापतो, शांत असतो. इन्फ्रारेड पॅनल समोरच्या माणसाला लगेच ऊब देतं, पण कॅरमच्या बरोबर वर लावू नका, बोर्ड प्लायचा असतो, एक बाजू तापली आणि खालची गार राहिली की वाकतो. आठवड्यातून एकदोनदा संध्याकाळी खेळणार असाल तर थर्मोस्टॅट आणि टायमर असलेलं दीड किलोवॉटचं भिंतीवरचं पॅनल पुरेसं आहे. साडेसहाशे वॉटची गरज ऊब टिकवायला आहे, थंडगार खोली तासाभरात वर आणायला थोडी जास्त ताकद लागते म्हणून दीड.

रोज वापर असेल, मुलं शाळेतून आली की तिथेच असतील, तर स्प्लिट एसी बघा, गरम आणि थंड दोन्ही करणारा. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढत असल्यामुळे एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळते, वरच्या खोलीचा खर्च तासाला पाच-सहा पेन्सवर येतो. उन्हाळ्यात लाकडी शेड भयंकर तापते तेव्हाही तोच कामाला येतो. तो एफ-गॅसचं (एसीतला वायू हाताळण्याचं) प्रमाणपत्र असलेल्याकडूनच बसवून घ्या, आणि बाहेरच्या युनिटच्या परवानगीचं काउन्सिलला आधी विचारा.

गॅसचे चाकांवरचे हीटर आणि पॅराफिनचे हीटर नकोत. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच येतं, म्हणजे जी ओल घालवायला एवढा खटाटोप केला ती तुम्ही पैसे देऊन परत आणता. आणि कार्बन मोनॉक्साइड रंग, वास काही न दाखवता माणूस मारतो. फटी बुजवलेल्या छोट्या खोलीत तर नकोच नको.

खेळ नसेल तेव्हा खोली पूर्ण थंड पडू देऊ नका. थर्मोस्टॅटवर ८-१० अंश ठेवा, इन्सुलेशन असेल तर याला फार वीज लागत नाही. तेवढंही नको असेल तर डिह्युमिडिफायर ठेवा, पण डेसिकंट प्रकारचा (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) घ्या. घरात वापरतो तो कॉम्प्रेसरवाला १० अंशाच्या खाली फारसं पाणी ओढत नाही. मीटरवर ४५ ते ६० टक्के दिसत राहिलं तर बोर्ड, डार्टबोर्ड, क्यू, कंट्रोलर सगळं नीट राहतं. कॅरम बाहेरच्या भिंतीला टेकवून उभा ठेवायची आपल्याला सवय असते, ती सोडा, स्टँडवर आडवा ठेवा आणि वर सुती चादर टाका, प्लास्टिक नको.

पहिल्या हिवाळ्यात मीटर रोज बघा. खेळून झाल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडी टाका, हीटर तेव्हा बंद. सकाळी जाऊन आकडा ७० च्या वर दिसला तर पंखा वाढवा किंवा व्हेंट पूर्ण उघडा, आणि काच कोरडी असूनही एखादाच कोपरा ओलसर लागत असेल तर तिथला बोर्ड सोडवून टेप तपासा, बहुतेक वेळा सांधा तिथेच सुटलेला असतो.